सात नंबरच्या साच्यातली बाटली

कुठेही पाण्याची बाटली हातात आली की मी ती आधी उलटी करते. विमानात, हॉटेलात, दुसऱ्यांच्या मुलांच्या वाढदिवसाला, कुठेही. झाकण घट्ट आहे ना हे बघायचं, बाटली उलटी करायची आणि बुडावर काय उमटलंय ते वाचायचं. मग ती टेबलावर ठेवून बोटाने हलकी टिचकी मारायची. डुगडुगली की माझं तोंड वाकडं होतं. नवरा म्हणतो, "लोक पाणी पितात, ही बाटलीची पत्रिका बघते." म्हणू दे. सोनार दुसऱ्याच्या गळ्यातलं मंगळसूत्र बघतोच ना, तसं आहे हे.

न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या ईस्ट टामाकी भागातल्या एका कारखान्यात मी बाटल्या बनवते. जॅकेटवर 'प्रोसेस इंजिनीअर' असं लिहिलंय, पण कुणी विचारलं तर मी बाटल्या बनवते असंच सांगते. पुण्याहून शिकायला आले, शिकता शिकता याच कारखान्यात रात्रपाळीला खोकी भरली, आणि पुढे त्याच फ्लोअरवर इंजिनीअर झाले. आमच्याकडे टेस्ट-ट्यूबसारख्या दिसणाऱ्या जाड नळ्या येतात. त्या तापवायच्या, साच्यात धरायच्या आणि आत जोरात हवा भरायची. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच बाटली तयार. प्रत्येक साच्याला नंबर असतो आणि तो बाटलीच्या बुडावर उमटतो, शेजारी आमच्या कारखान्याची बारीक खूण. एखादी बाटली बिघडली तर कुठल्या साच्यातली, हे शोधायला.

सात नंबरच्या साच्याने मला एके काळी रडवलं होतं. त्यातली प्रत्येक बाटली डुगडुगायची. सगळे म्हणाले, साचा झिजलाय, नवा मागवा. मला ते पटेना. मी हट्टाने साचा उघडायला लावला. बुडाला गार ठेवण्यासाठी आतून पाणी खेळवणारी जी बारीक वाट असते, ती क्षारांनी चोंदलेली निघाली. ती साफ केली आणि सात नंबर ताठ उभा राहिला. आजही लाइनवरून जाताना त्या साच्यावर मी नकळत हात फिरवते. कुणी हसलं तर हसू दे, मला त्याचा अभिमान आहे.

माझी मुलगी लहान असताना तिलाही होता. कारखान्यात एकदा कुटुंबांसाठी खास दिवस ठेवला होता, तेव्हा मी तिला बुडावरची खूण दाखवली होती, सात नंबरची गोष्टही सांगितली होती. त्यानंतर कित्येक दिवस तिचा तोच खेळ. कुणाच्याही पार्टीला गेलो की टेबलाखाली शिरून, टेबलावर चढून बाटल्या उलट्या करायची आणि ओरडायची, "मम्, ही आपली!" एकदा हॉलभर लोकांनी वळून बघितलं होतं. मला लाजल्यासारखं झालं आणि आतून फार छानही वाटलं.

मग ती हायस्कूलला गेली. तिथल्या पर्यावरण गटात शिरली, समुद्रकिनाऱ्यावर कचरा वेचायला जाऊ लागली. त्यात बाटल्याच जास्त सापडत. घरी आली की माझ्याकडे अशी बघायची, जणू त्या बाटल्या मीच रात्री जाऊन तिथे टाकून आले होते. शाळेत पालकांना भेटायला बोलावलं होतं, तेव्हा तिच्या बाईंनी मला सहज विचारलं, "आणि तुम्ही काय करता?" मी तोंड उघडायच्या आत मुलगी म्हणाली, "शी वर्क्स इन फूड सेफ्टी." खाली बघून म्हणाली, घाईघाईने.

गाडीत बसल्यावर मी काही बोलले नाही, आणि मी काही बोलत नाही म्हणजे किती चिडले आहे हे माझ्या घरात सगळ्यांना कळतं. पण रागापेक्षा वाईट जास्त वाटलं होतं. माझ्या आईने शेजारीपाजारी सांगितलं असतं, "माझी मुलगी परदेशात कारखाना चालवते," तिखटमीठ लावून सांगितलं असतं. आणि माझ्या पोटच्या पोरीला माझं काम लपवावंसं वाटत होतं. तिने पुन्हा कधीतरी चारचौघांत, मान वर करून, आई काय करते ते सांगावं, एवढंच मला हवं होतं. मागून मिळणारी ती गोष्ट नव्हती, म्हणून मी मागितली नाही.

त्या डिसेंबरात सासूबाई पुण्याहून आल्या. नवऱ्याने सगळ्यांसाठी क्रूझ ठरवली. ऑकलंडहून निघायचं, खाली वेलिंग्टनपर्यंत जायचं आणि येताना टौरंगा करून परत. सासूबाई हरखल्या. मुलगी मात्र म्हणाली, "आय'म नॉट कमिंग. क्रूझेस आर सो बॅड, मम्."

"आजी एवढ्या लांबून आलीये, तुला यायलाच पाहिजे," मी म्हटलं.

बराच वेळ तणतण झाली. शेवटी तिने अट घातली. "फाइन. बट नो प्लास्टिक वॉटर बॉटल्स. पूर्ण ट्रिप. नॉट ईव्हन वन."

मला माहीत होतं, ही अट जहाजाला नव्हती, मला होती. माझं डोकं फिरलं. "डन," मी म्हटलं. "एकसुद्धा नाही. बघूच आपण." रागाच्या भरात दिलेला शब्द मी नेहमी जास्त नेटाने पाळते. मी चार स्टीलच्या बाटल्या घासूनपुसून, एका पिशवीत भरून दारात ठेवल्या.

जहाजावर चकल्यांचा डबा आला, लाडवांचा आला, सासूबाईंची उशीसुद्धा आली. स्टीलच्या बाटल्यांची पिशवी मात्र हेन्डरसनच्या आमच्या घरी, गॅरेजमध्येच राहिली. नवऱ्याने गाडीत सामान भरताना ती बाजूला ठेवली होती, "नंतर वर ठेवू, चेपायला नको" म्हणून. मुलीने एक भुवई वर केली. मी म्हटलं, "काही बिघडत नाही. जहाजावर पाण्याची मशीन्स असतात, ग्लास असतात. पिऊ तिथे."

आम्ही तिघं सुरक्षेची माहिती घ्यायला खालच्या मजल्यावर गेलो. सासूबाईंनी ती आधीच्या फेरीत आटोपली होती, त्या केबिनमध्ये थांबल्या. परत येऊन बघतो तर त्या पलंगावर मांडी घालून बसलेल्या, चेहरा प्रसन्न, आणि शेजारी पाण्याची बाटली. उघडलेली. टेबलावर विकायला ठेवलेली बाटली होती ती. तिच्या गळ्यातली किमतीची चिठ्ठी सासूबाईंनी नीट काढून बाजूला ठेवली होती.

"किती चांगली पद्धत आहे बाई यांची," त्या म्हणाल्या. "पाहुणा आला की आधी पाणी. मला तहान नव्हती, पण म्हटलं, ठेवलंय तर दोन घोट घ्यावेत. नाही घेतलं तर त्यांना वाईट वाटेल."

मुलीने माझ्याकडे बघितलं. "वी हॅवन्ट ईव्हन लेफ्ट द हार्बर, मम्."

सासूबाई एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागल्या. "काय झालं? माझं काही चुकलं का?"

मी त्यांना अट सांगितली. सासूबाईंनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. मला वाटलं आता डोळ्याला पदर लावतील. पण आमच्या सासूबाई एवढ्यातेवढ्याने हार मानणाऱ्या नाहीत.

"उघडली ती उघडली," त्या नातीला म्हणाल्या. "पण टाकली कुठे आहे? तुझं भांडण टाकण्याशी आहे ना? मग ही टाकायची नाही. घरी जाईपर्यंत चौघांनी हीच वापरायची. दुसरी उघडली तर माझं नाव बदल."

मुलीला मराठी सगळं समजतं. ती तोंड वाकडं करून म्हणाली, "वन बॉटल? फोर पीपल? दॅट्स ग्रोस, आजी."

"ग्रोस कशाने? तोंड लावायचंच नाही." असं म्हणून सासूबाईंनी बाटली वीतभर वर धरली, मान मागे टाकली आणि धार बरोबर तोंडात सोडली. घटाघटा प्यायल्या. थेंब इकडचा तिकडे नाही. "ही उष्टी झाली का? नाही झाली. आता तू."

मुलीने प्रयत्न केला. पहिली धार नाकात, दुसरी टी-शर्टवर. मी हसले. मग मी बाटली घेतली, लहानपणापासून घरात हेच केलेलं, धार न तुटू देता प्यायले आणि जरा जास्तच ऐटीत हनुवटी पुसली. "सोपं आहे गं," मी म्हटलं. मुलीला राग आला आणि थोडं हसूही आलं.

त्या गडबडीत सवयीने मी झाकण लावून बाटली उलटी केली. बुडावर आमची खूण होती. शेजारी सात.

जहाजाने ऑकलंडहून पाणी भरलं असणार, त्यात नवल काही नाही. तरी त्या एवढ्याशा केबिनमध्ये माझ्याच साच्यातली बाटली निघालेली बघून मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. पण मी मुलीकडे बघितलं आणि गप्प बसले. ती काय म्हणाली असती ते मला ठाऊक होतं. 'ग्रेट, सो इट्स युअर रबिश.' ते ऐकायची माझी तयारी नव्हती. मी बाटली सरळ करून टेबलावर ठेवली.

पाणी भरायला गेलो तर मशीनवर पाटी. आपली बाटली नळाला लावू नका, स्वच्छ ग्लासात पाणी घ्या आणि मग बाटलीत ओता. सासूबाईंनी माझ्याकडून ती पाटी मराठीत समजून घेतली आणि त्यांचे डोळे चमकले. "म्हणजे यांच्यातही उष्टं पाळतात तर! मला वाटलं होतं, सगळा गोंधळच असेल." त्या क्षणापासून त्यांना जहाजाबद्दल जो आदर वाटायला लागला, तो शेवटपर्यंत टिकला. जेवायला येणाऱ्या, नळाला थेट बाटली लावणाऱ्या लोकांकडे त्या अशा नजरेने बघत, की दोघातिघांनी मुकाट्याने ग्लास उचलला. ग्लासातून बाटलीच्या अरुंद तोंडात, हलत्या जहाजावर, न सांडता पाणी ओतायचं काम त्यांनी नातीला शिकवलं. "घाई करायची नाही. धार बारीक ठेव. बाटलीकडे बघ, माणसांकडे नको."

एके सकाळी सासूबाई बाथरूममधून कढत पाणी आणून म्हणाल्या, "बाटली विसळून घेते चांगली."

"आई, नको!" मी झडपच घातली. "गरम पाण्याने ती आक्रसते. वेडीवाकडी होते, मग उभी राहत नाही. गार पाण्याने धुवा, नुसतं गार."

"एवढं काय त्यात," सासूबाई दचकून म्हणाल्या. मुलगी फोनमधून डोकं वर काढून माझ्याकडे बघत होती. मी विषय बदलला.

वेलिंग्टनच्या अलीकडे समुद्र खवळला आणि नवऱ्याला बोट लागली. तो भिंतीकडे तोंड करून पडला, डोकं उचलेना. सासूबाईंनी बाटलीच्या झाकणात पाणी घेऊन त्याला झाकण झाकण पाजलं, तान्ह्या बाळाला बोंडल्याने पाजतात तसं. एरवी दहा माणसांच्या मीटिंगा चालवणारा माणूस, पण आ करून पडला होता. केबिनमधलं सगळं घसरत होतं. ग्लास गेले, मुलीचं पुस्तक गेलं, लाडवांचा डबा पलंगाखाली गेला. टेबलावर बाटली तेवढी उभी होती. मी पलंगाची कड धरून तिच्याकडे बघत बसले. खरं सांगते, त्या वेळी मला वाटलं, हे मी केलंय. मुलीची आणि माझी नजरानजर झाली. तीही बाटलीकडेच बघत होती.

मी काही आंधळी नाही. डेकवर दुपारी अर्ध्या प्यालेल्या बाटल्या आरामखुर्च्यांखाली लोळताना मलाही दिसत होत्या. चांगली बनवली काय आणि वाईट बनवली काय, लोक दोन घोट घेतात आणि फेकून देतात, हे बघून मुलीला जो राग येतो तो मला पहिल्यांदा तिच्या बाजूने समजला. उलट मला जास्त राग यायला हवा होता. ताटात भात टाकून उठणाऱ्या पाहुण्याचा राग आधी स्वयंपाक करणारीलाच येतो की नाही? हे मी मुलीला डेकवर बोलून दाखवलं. ती "हम्" म्हणाली. आमच्याकडे 'हम्' म्हणजे बरंच झालं.

परतीच्या वाटेवर टौरंगा लागलं. तिथे जहाज एका डोंगराच्या अगदी शेजारी उभं राहतं. नवरा आता ठीक झाला होता, तो बाकावर बसून आइस्क्रीम खातो म्हणाला. आम्ही तिघी डोंगराच्या पायथ्याच्या वाटेने चालायला निघालो. ऊन चांगलंच होतं. किनाऱ्यावरच्या सार्वजनिक नळावर बाटली भरून घेतली. आता मुलगी न सांडता वरून प्यायची, आणि जाणारेयेणारे बघत असले तर मुद्दाम प्यायची.

वाटेवर एका ठिकाणी सासूबाई पाणी पिऊन मला बाटली देत होत्या. घामाने माझे हात ओले होते. बाटली सुटली. वाटेवरून उडाली, खालच्या दगडांवर आपटली, परत उडाली आणि दोन दगडांमध्ये जाऊन अडकली. खाली लाटा येत होत्या. मी "जाऊ दे" म्हणायच्या आत मुलगी चपला काढून दगडांवर उतरली होती. सासूबाई वरून ओरडत होत्या, "अगं, सांभाळून! पाय घसरेल!" मीही ओरडत होते. ती वाकली, एक लाट तिच्या गुडघ्यांवर आपटली, आणि तिने बाटली उचलून डोक्यावर धरली.

वर आल्यावर तिने ती माझ्या हातात दिली. एका बाजूला मोठा पोचा पडला होता. पण कुठे चीर नव्हती, थेंबभर गळत नव्हतं. मी झाकण सैल केलं, पोच्याच्या दोन्ही कडांवर अंगठे ठेवले आणि दाबलं. टॉक असा आवाज करून बाटली सरळ झाली. वाटेवरच्या कठड्यावर ठेवली, तर उभी राहिली. मुलीने ती उचलली आणि स्वतःच्या हातात धरूनच पुढे चालू लागली.

जहाजाच्या दारात परतणाऱ्या लोकांची रांग होती. आत शिरताना कर्मचाऱ्यांपैकी एक बाई हसून प्रत्येकाला माओरीत "किया ओरा" म्हणून स्वागत करत होती. तिच्या एका बाजूला थंडगार, सीलबंद बाटल्यांचा ट्रे होता आणि दुसऱ्या बाजूला कचऱ्याचा मोठा डबा. मुलीच्या हातातली बाटली तिने बघितली. लेबल कधीच गळून गेलं होतं, अंगभर ओरखडे होते, पोच्याची पांढरी रेघ राहिली होती. बाई प्रेमाने म्हणाली, "ती इकडे दे, मी टाकते. ही घे थंड." आणि तिने हात पुढे केला.

मुलीने बाटली छातीशी धरली.

"नो थँक्स," ती म्हणाली. "माय मम् मेड धिस वन."

कर्मचारी बाईला काही कळलं नसावं. मुलीने बाटली उलटी करून बूड तिच्या डोळ्यांसमोर धरलं. "सी? दॅट्स हर फॅक्टरी. अँड दॅट्स द मोल्ड शी फिक्स्ड. नंबर सेव्हन." रांगेतले पुढचे लोक वळले, मागचे वाकून बघायला लागले. तिचा आवाज मोठा होता आणि मान वर होती.

सासूबाईंना इंग्रजी जेमतेम कळतं, पण 'मम्' आणि 'फॅक्टरी' कळलं. त्या मागच्या म्हाताऱ्या जोडप्याकडे वळल्या आणि माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "माय डॉटर-इन-लॉ." एवढ्या वर्षांत त्यांनी पुण्यात माझं काम 'प्लॅस्टिकचं काहीतरी' असं सांगितलेलं मला माहीत आहे.

लिफ्टमध्ये आम्ही तिघीच होतो. मी मुलीला विचारलं, "तुला कधी कळलं?"

"फर्स्ट डे. आजी प्यायली तेव्हाच. बुडावरचा नंबर दिसत होता."

"मग बोलली का नाहीस?"

"यू डिडन्ट आयदर."

मला खूप काही बोलायचं होतं. बाटल्यांबद्दल मी एरवी तासभर बोलू शकते. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, नातीच्या हातातून बाटली घेतली आणि माझ्यापुढे धरली. "पाणी पी आधी," त्या म्हणाल्या.

मी बाटली वर धरली आणि मान मागे टाकली. पण ओठ थरथरत होते, धार काही तोंडात पडेना. सगळं पाणी हनुवटीवरून गळ्यावर आणि गळ्यावरून टॉपवर सांडलं. मुलगी खो खो हसायला लागली.

"सोपं आहे गं, आई," ती म्हणाली, आणि तिने स्वतःच्या बाहीने माझं तोंड पुसलं.